स्वानबोर्गचा चष्मा

स्वानबोर्गला मी एक शब्द दिला होता. तो पाळायची गरज आता उरलेली नाही, म्हणून हे लिहिते आहे. गेल्या उन्हाळ्यात आमच्या कल्दाव्हीकच्या संग्रहालयात तिचा चष्मा काचेच्या पेटीत ठेवला. बोटीनं येणारे पाहुणे त्याचे फोटो काढतात आणि गावची पोरं त्यांना हसत सांगतात की ही ती बाई, जिला रिकामं जहाज भरलेलं दिसलं. पोरांचा दोष नाही, त्यांनी घरी तेच ऐकलं आहे. पण मला ते ऐकवत नाही.

स्वानबोर्ग गावची उठवणारी होती. समुद्रात हेरिंग मासळी होती तोवर हे आमच्याकडे रीतसर काम होतं, पाद्र्याचं किंवा शिक्षिकेचं असावं तसं. हेरिंगच्या बोटी वेळ बघून येत नसत. इथं इतक्या उत्तरेला उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, त्यामुळे बोटींना दिवस काय आणि रात्र काय. बोट धक्क्याला लागली की मासा मऊ पडायच्या आत साफ करून पिंपात खारवायला हवा, आणि खारवणाऱ्या आम्ही मुली तर ओळीनं बांधलेल्या लाकडी खोल्यांमध्ये मेल्यासारख्या झोपलेल्या. तेव्हा स्वानबोर्ग तुटक्या वल्ह्याचा दांडा घेऊन निघायची. प्रत्येक खिडकीवर तीन ठोके, आणि मग तिचा तो भसाडा आवाज: "उठा, हेरिंग आली." दुसऱ्यांदा कधी सांगायची नाही.

मी सतराव्या वर्षी मेंढ्यांच्या मळ्यावरून इथं आले. पहिल्याच ठोक्याला मी अंगावरचं पांघरूण आणखी वर ओढलं. बाजूच्या खाटेवरची फ्योला तोवर बूट घालून उभी होती. तिनं माझं पांघरूण खेचून जमिनीवर फेकलं आणि म्हणाली, "माझ्या शेजारी उभी राहायचं असेल तर ठोक्याला उठायचं. नाहीतर जा परत मेंढ्यांत." मी उठले. मग रबरी एप्रन, डोक्याला फडकं, हातात आखूड सुरी, आणि खाऱ्या पाण्यानं फाटलेली बोटं. एक पिंप भरलं की मुकादम येऊन आमच्या बुटात मजुरीच्या हिशोबाचा पितळी बिल्ला टाकायचा. उन्हाळा संपत आला की मुली चालताना नुसत्या खुळखुळायच्या.

स्वानबोर्गची सगळी पत एका गोष्टीवर होती. तिनं कधी उगाच ठोका मारला नाही. ती चर्चच्या वरच्या टेकाडावर जाऊन बसायची आणि खाडीच्या तोंडाशी बोट दिसली की ती पाण्यात किती खोल बसली आहे ते बघायची. बोट वळण घ्यायच्या आत तिला कळायचं की किती मुली लागतील, म्हणजे एक खोली उठवायची की सगळ्या. एकदा आमचा मालक केतिल तिला म्हणाला की आजचा दिवस चांगला वाटतो, मुलींना आधीच उठवून बसव. तिनं सरळ सांगितलं, बोट दिसल्याशिवाय माझा दांडा खिडकीला लागणार नाही, तुला घाई असेल तर तू ठोठाव. केतिल हट्टाला पेटला आणि स्वतः ठोठावत गेला. एकही मुलगी उठली नाही. फ्योलानं तर खिडकी उघडून त्याच्या अंगावर ओला बूट भिरकावला. नंतर कोण होतं ते दिसलं नाही असं म्हणाली. तिला चांगलं दिसलं होतं.

माझ्या आजीच्या लहानपणी या खाडीत चार घरं, एक चर्च आणि भरपूर वारा एवढंच होतं. मग नॉर्वेहून माणसं आली, त्यांनी धक्के बांधले, तेल काढायचे कारखाने उभे केले, आणि गावाला असा वास सुटला की पाहुणे नाकाला रुमाल लावायचे. आम्ही त्याला पैशाचा वास म्हणायचो आणि छाती भरून घ्यायचो. एका उन्हाळ्यात गावच्या रस्त्यावर पाच देशांच्या भाषा ऐकू यायच्या. दुकानात रेशमी मोजे मिळायचे, आणि ते घालून आम्ही नाचायला जायचो, हातांना मात्र माशाचा वास येत असायचा. नाचणाऱ्या पोरांच्याही यायचा, त्यामुळे कुणी नाक मुरडत नसे.

आणि मग हेरिंग गेली. कुठं गेली, का गेली, यावर शहाण्यांनी पुष्कळ लिहिलं आहे. आम्ही एवढंच पाहिलं की एका उन्हाळ्यात बोटी अर्ध्या रिकाम्या आल्या आणि पुढच्या उन्हाळ्यात आल्याच नाहीत. खोल्या ओस पडल्या. तरणे पुरुष स्वीडनच्या जहाजकारखान्यांत कामाला गेले. मागं राहिला तो केतिलचा फ्रीजिंगचा कारखाना. तिथं कॉड मासा कापून गोठवायचं काम चालायचं. मी, फ्योला, आणि गावातल्या जवळजवळ प्रत्येक घरातली एक तरी बाई तिथं उभी असायची. तो बंद झाला असता तर कल्दाव्हीकमध्ये पुन्हा चार घरं, चर्च आणि वाराच राहिला असता.

त्यानंतरच्या वसंतात कुजबुज सुरू झाली की केतिल यंत्रं दक्षिणेकडच्या कुणाला तरी विकतो आहे. गावानं त्याला सभेत विचारलं. त्यानं कानावर हात ठेवले. माझ्या बापाची थडगी या गावात आहेत, असं म्हणाला. फ्योलानं मागून विचारलं की बाप एकच ना, मग थडगी किती. लोक हसले आणि घरी गेले. लोकांना विश्वास ठेवायचाच होता.

स्वानबोर्ग तेव्हा साठीच्या जवळ आली होती. एकटी, शाळेची झाडलोट करून राहायची. पण तिचे दिवस पालटायला आले होते. पंचायतीनं बंदरावर टेहळणीची खोली बांधली होती, खाडीच्या तोंडाकडे खिडकी, आत शेगडी, आणि महिन्याचा पगार. ही जागा स्वानबोर्गचीच, यात कुणाला शंका नव्हती. खलाशांचा दिवस झाला की ती कामावर रुजू होणार होती. तिनं खिडकीसाठी पडदे शिवून ठेवले होते. मी ते पाहिले होते, आणि टेहळणीच्या खिडकीला पडदे कशाला म्हणून तिला चिडवलंही होतं. ती म्हणाली, "आयुष्यभर उघड्यावर बसून पाहिलं. आता मला वाटेल तेव्हा बघेन, नाही वाटलं तर पडदा ओढेन."

खलाशांचा दिवस म्हणजे जूनचा पहिला रविवार. त्या दिवशी सगळ्या मासेमारी बोटी बंदरात परततात, दोरीवर झेंडे लावतात, होड्यांच्या शर्यती होतात, बुडालेल्यांच्या नावानं चर्चमध्ये प्रार्थना होते. आदल्या संध्याकाळी नाच असतो. त्या वर्षीही होता, आणि आम्ही घरी आलो ते पाय बधिर करून. गाव गाढ झोपलं होतं.

मला जाग आली ती तीन ठोक्यांनी.

"उठा, हेरिंग आली."

मी खाटेवर बसले आहे हे मला कळलं तेव्हा माझा एक पाय बुटात होता. दोन वर्षं खुंटीला टांगलेला हेरिंगचा एप्रन मी घातला, फळीवरची सुरी घेतली आणि पळाले. रस्ता भरून बायका पळत होत्या. कुणाचे केस अजून नाचासाठी वळवलेले, कुणी झोपायच्या कपड्यांवरच एप्रन बांधलेला. फ्योलाच्या हातात सुरी आणि तोंडात केसांच्या पिना. म्हाताऱ्या बायका दारातून ओरडून विचारत होत्या, कुठल्या धक्क्याला. पुढून कुणीतरी सांगितलं, केतिलच्या. मी रडत होते, खोटं कशाला सांगू. आनंदानं रडत होते. हेरिंग परत आली होती, म्हणजे माझा भाऊ स्वीडनहून परत येणार होता.

केतिलच्या धक्क्याला एक परकं मालवाहू जहाज लागलं होतं. जहाजाची क्रेन खाली आली होती, आणि तिच्या आकड्याला आमच्या कारखान्याचा मोठा कॉम्प्रेसर बांधला जात होता. बाकीची यंत्रं, गोठवायचे साचे, वजनकाटे, सगळं दोरखंडांनी बांधून धक्क्यावर मांडलेलं. केतिल मध्ये उभा होता, टोपी मागे सरकवून. त्यानं वळून पाहिलं तर समोर सगळं गाव, आणि पुढच्या रांगांत दोनशे बायका, हातात उघड्या सुऱ्या.

आमच्या मनात काही नव्हतं. आम्ही मासे साफ करायला आलो होतो. पण हे त्याला कुठून कळणार. जहाजाचा कप्तान परगावचा माणूस. तो शिडीवरून अर्धा उतरला होता, तो तिथंच थांबला आणि हळूहळू उलटा वर चढायला लागला.

फ्योलानं तोंडातल्या पिना काढून खिशात टाकल्या. ती पुढं गेली आणि तिनं कॉम्प्रेसरवर हात ठेवला.

"केतिल, यंत्रांना ऊन दाखवतोयस का?"

केतिल म्हणाला की हा त्याचा माल आहे आणि कायद्यानं तो कुठंही नेऊ शकतो. त्याचा आवाज चिरकत होता. फ्योला म्हणाली की खुशाल ने, आम्ही कुठं अडवलंय, आम्ही तर हेरिंगसाठी आलो. असं म्हणून ती कॉम्प्रेसरवर चढून बसली आणि सुरी एप्रनला पुसू लागली. तिच्यामागून आणखी बायका गेल्या. बघता बघता प्रत्येक यंत्रावर कुणी ना कुणी बसलेलं होतं. कप्तान वरून ओरडला की त्याला माल न्यायला सांगितलं होतं, गावाशी भांडायला नाही. आणि त्यानं आकडा सोडवून क्रेन वर घ्यायला लावली. केतिल त्याच्या नावानं ओरडत राहिला. जहाज आलं तसं रिकामं परत गेलं.

ते वळताना फ्योलाच्या ध्यानात आलं. तिनं धक्क्याच्या पलीकडे बोट दाखवलं. आमच्या सगळ्या बोटी एकमेकींना बांधून उभ्या होत्या, दोरीवर झेंडे फडफडत होते.

"अगं बायांनो," ती म्हणाली, "आज खलाशांचा दिवस. देशात एक बोट समुद्रात नाही. हेरिंग काय पोहत येऊन पिंपात बसणार होती?"

मग जे हसू फुटलं ते आवरेना. वर्षातला एकच दिवस असा की हेरिंग येऊच शकत नाही, आणि नेमक्या त्याच दिवशी अख्खं गाव सुऱ्या घेऊन धावलं होतं. एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. आमच्या कानावर ठोका पडला की पाय आधी निघतात, डोकं मागून सावकाश येतं. हसता हसता सगळ्यांच्या माना स्वानबोर्गकडे वळल्या. ती मागं, मिठाच्या गोदामाच्या भिंतीला टेकून उभी होती, दांडा दोन्ही हातांत धरून.

"स्वानबोर्ग, हेरिंग कुठंय?" कुणीतरी विचारलं.

"चुकले," ती म्हणाली. "लांबून भरलेलं वाटलं जहाज. डोळे गेले बहुतेक माझे."

जहाज पाण्यावर एवढं उंच तरंगत होतं की आंधळ्यालाही कळावं. पण स्वानबोर्गनं आयुष्यात उगाच ठोका मारला नव्हता, म्हणून ती चुकली यावर सगळ्यांचा विश्वास बसला. दुसरं काही कुणाच्या मनात येणंच शक्य नव्हतं. ती घरी जाताना माझ्याजवळ थांबली, दांडा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "घे. दिसत नाही त्या बाईनं हे धरू नये."

त्या दुपारी शर्यती झाल्याच नाहीत. गाव चर्चमध्येच बसलं आणि प्रार्थना संपल्यावर सभा सुरू झाली. शरद ऋतूपर्यंत पंचायत, कामगार संघ आणि घरटी एकेक वाटा मिळून गावानं कारखाना विकत घेतला. केतिलला विकावाच लागला. धक्क्यावर ऊन खाणाऱ्या यंत्रांनंतर तो गावात मान वर करून चालू शकत नव्हता. आज त्याच कारखान्याच्या तीन बोटी आहेत, आणि मला जे निवृत्तिवेतन मिळतं ते तिथलंच.

टेहळणीची खोली मात्र एका निवृत्त खलाशाला मिळाली. पंचायतीनं फार अवघडून स्वानबोर्गला कळवलं. ती म्हणाली, बरोबर आहे, दिसत नाही तर टेहळणी कसली. पडदे तिनं त्या खलाशाच्या बायकोला देऊन टाकले. कारखान्याच्या पहिल्या नफ्यातून गावानं तिला चष्मा घ्यायचं ठरवलं. डोळ्यांचा डॉक्टर आला तेव्हा तिनं पाटीवरची अक्षरं अशी काही चुकवली म्हणतात की तो बिचारा चिंतेत पडला. बाटलीच्या बुडासारख्या जाड काचा बनून आल्या. तेव्हापासून ती बाई कधी चष्म्याशिवाय दिसली नाही. दुकानाच्या पायरीला अडखळायची, चहात साखरेऐवजी मीठ घालायची. चष्मा सदा नाकाच्या शेंड्यावर उतरलेला. पोरं मागून ओरडायची, स्वानबोर्ग, हेरिंग आली का. ती वळून म्हणायची, आली की, तुझ्या बापाला विचार, तो सुरी विसरून नुसत्या चड्डीवर धावला होता.

वीसएक वर्षं गेली. दांडा माझ्या दाराशी तसाच उभा. डिसेंबरात, नाताळच्या दोन दिवस आधी, तीन दिवसांचं वादळ गावावर बसलं होतं. त्या दिवशी दुपारी आमच्याकडे घरोघर आंबवलेला पाकट मासा उकडतात. त्याचा दर्प असा की डोळ्यांतून पाणी येतं, आणि तरी लोक तुटून पडतात. वीज गेलेली, फोन बंद. बर्फावर लक्ष ठेवणारा माणूस धापा टाकत माझ्या दारात आला. माझं घर वरच्या आळीच्या टोकाला. तो म्हणाला, डोंगरावरचा बर्फ सुटणार, वरची आळी रिकामी करायला हवी, आणि भोंगा वाजत नाही.

मी दांडा उचलला. प्रत्येक खिडकीवर तीन ठोके. वाऱ्यात माझा आवाज कुणाला ऐकू गेला असेल असं वाटत नाही. पण दारं उघडली. वाफाळती ताटं टेबलावर टाकून माणसं बाहेर आली, कडेवर पोरं, हातात काठ्या, आजोबा घोंगडीत गुंडाळलेले. मला एकानं विचारलं नाही की काय झालं. फ्योला तेव्हा सत्तरीला आलेली, तोंडात अजून घास होता, आणि ती बूट घालून उभी. आम्ही शाळेत पोचलो आणि मागं डोंगर खाली आला. वरच्या आळीतली सहा घरं गेली. माझं गेलं. माणूस एकही गेला नाही.

शाळेच्या मोठ्या खोलीत स्वानबोर्ग बाकावर बसली होती. येताना तेवढ्या घाईतही तिनं पाकटाचा एक तुकडा कागदात गुंडाळून आणला होता. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. तिनं तुकड्यातला अर्धा मला दिला.

"कुणी विचारलं, कशाला म्हणून?" ती म्हणाली.

"नाही. एकानंही नाही."

"मग झालं."

तिनं चष्मा काढला, मिटला आणि खिशात टाकला. मग समोरच्या भिंतीकडे तोंड करून, खोलीच्या त्या टोकाला टांगलेली नाताळच्या नाटकाची जाहिरात तिनं मला वाचून दाखवली. अगदी खालची बारीक अक्षरंसुद्धा. मला कंदिलाच्या उजेडात तिथं जाहिरात आहे एवढंच दिसत होतं.

मी म्हणाले, "तुला दिसलं होतं."

"उन्नुर, ते जहाज खाडीच्या तोंडाशी होतं तेव्हाच त्याच्या पोटाचा, एरवी पाण्याखाली असतो तो लाल रंग मला दिसत होता. एवढं रिकामं जहाज मी जन्मात पाहिलं नव्हतं. मग केतिलच्या गोदामाचं दार उघडलं, आणि मला सगळं कळलं."

"मग यंत्रं चाललीत असं का नाही सांगितलंस?"

"तू उठली असतीस?"

त्या रात्री मी नाचून आले होते. नसते उठले.

"बरं, तेव्हा ते केलंस. पण नंतर? नंतर खरं सांगायचंस. लोकांनी तुला डोक्यावर घेतलं असतं. ती खोली तुझी होती. पडदे शिवून ठेवले होतेस."

"घेतलं असतं डोक्यावर," ती म्हणाली. "आणि पुढच्या वेळी ठोका पडला की कूस बदलून म्हणाले असते, बघू या, आज काय युक्ती आहे. उठवणारीचे डोळे गेले तर लोक दुसरी उठवणारी बघतात. ती खोटं बोलली तर मग कुणीही ठोकलं तरी उठत नाहीत. तू आज ठोकलंस ना? उठले ना? मग खाऊन घे."

मी विचारलं की आणि हा चष्मा. ती म्हणाली की तो लावला की तिला स्वतःच्या घराचं दार सापडत नाही, म्हणून इतकी वर्षं त्याच्यावरून बघते. आणि मग तिनं माझ्याकडून शब्द घेतला की गावात ठोक्यावर उठणारी माणसं आहेत तोवर हे कुणाला सांगायचं नाही. तिनं चष्मा परत नाकावर चढवला, कारण फ्योला आमच्याकडे येत होती.

त्यानंतर पाच वर्षांनी ती गेली. तिला चष्म्यासकट पुरायचं असं पाद्री म्हणत होता. मीच तो काढून ठेवला. आता डोंगर हलायला लागला की सगळ्यांच्या खिशातले फोन एकदम किंचाळतात, आणि दांडा घेऊन कुणी फिरत नाही. म्हणून हे लिहिलं.

परवा संग्रहालयातल्या पोरीला सांगून मी ती काचेची पेटी उघडायला लावली आणि तो चष्मा डोळ्यांना लावला. खिडकीबाहेर खाडी होती, बोटी होत्या, कारखाना चालू होता. मला त्यातलं काहीसुद्धा दिसलं नाही.